आरशातली प्रतिमा नेमकी कुठे असते? (सपाट, अंतर्गोल आणि बहिर्गोल आरसे)

केळीपट्टा, रावेर
नमस्कार मंडळी. मुलगी नववीला आहे. प्रकाशाच्या परावर्तनाचा धडा चालू आहे. "सपाट आरशातली प्रतिमा आभासी, सुलट, वस्तूएवढी आणि आरशाच्या मागे तितक्याच अंतरावर असते" हे वाक्य तिला तोंडपाठ आहे. काल मात्र तिने विचारलं, "आई, आरशामागे तर भिंत आहे, मग प्रतिमा काय विटांमध्ये असते का?" मला नीट उत्तर देता आलं नाही.

पुढे अंतर्गोल आरशाचा सहा ओळींचा तक्ता आहे. वस्तू अमुक ठिकाणी असेल तर प्रतिमा तमुक ठिकाणी. पाठ होईल, पण परीक्षा झाली की जाईल. घरात साधा आरसा, दाढीचा आरसा, चमचे आणि मोबाइल आहे. एवढ्यावर तिला समजेल असं कुणी सांगाल का?

गिरणाकाठ
ताई, मुलीचा प्रश्न फार चांगला आहे. वर्गात हे वाक्य मी बरीच वर्षं शिकवतोय आणि भिंतीबद्दल विचारणारी मुलं मोजकीच भेटतात. त्या प्रश्नाला धरूनच पुढे जाऊ, कारण तक्त्याचं उत्तरही त्यातच आहे.

तिच्या नाकाच्या शेंड्यापासून सुरुवात करा. त्यावर पडलेला उजेड तिथून सगळ्या दिशांना पसरतो. त्यातले काही किरण आरशावर आदळतात आणि ज्या कोनात आले त्याच कोनात परततात. हा कोन मोजायचा तो आरशाला लंब असलेल्या रेषेपासून, म्हणजे स्तंभिकेपासून. परतलेले किरण डोळ्यात शिरतात. किरण वाटेत वळून आला आहे हे डोळ्याला कळायला मार्ग नाही. तो समजतो की किरण सरळच आला. त्या परतलेल्या किरणांच्या रेषा कागदावर पट्टीने मागे वाढवून पाहा. सगळ्या एकाच बिंदूत मिळतात, आणि नाक आरशाच्या जितकं पुढे तितकाच तो बिंदू आरशाच्या मागे असतो. नाकाची प्रतिमा म्हणजे तोच बिंदू.

तिथे उजेड पोहोचत नाही, म्हणून प्रतिमा आभासी. मागे वीट असो, कपाट असो की शेजारच्यांची खोली, काही फरक पडत नाही. प्रतिमा ही किरण जिथून निघाल्यासारखे वाटतात ती जागा आहे. एवढं एक वाक्य मनात पक्कं झालं की बाकी सगळं त्यातून काढता येतं.

खात्री मोबाइलवर करा. आरशापासून अर्ध्या मीटरवर उभं राहून कॅमेरा आरशाकडे धरा. आधी आरशाच्या काचेवरच्या धुळीच्या ठिपक्यावर बोट टेकवून फोकस करा, मग स्वतःच्या चेहऱ्यावर. ठिपका स्पष्ट झाला की चेहरा पुसट होतो, चेहरा स्पष्ट झाला की ठिपका. चेहऱ्यासाठी कॅमेऱ्याला अर्ध्या नव्हे, एक मीटरवर फोकस करावा लागतो. म्हणजे प्रतिमा काचेवर नाही, काचेच्या मागे आहे, याची साक्ष कॅमेराच देतो.

वाघूर
सर, ठिपक्याचा प्रयोग लगेच केला, अगदी तसंच झालं. एक जुनी शंका आहे. आरशात डावं-उजवं उलटं होतं, मग वरचं-खालचं का होत नाही? आरशाला आडवं-उभं कसं कळतं?

पांझराकाठ
याचं उत्तर आपल्या भागात उभं राहून फार छान देता येतं. चोपड्याला किंवा अमळनेरला आहात असं समजा. सातपुड्याकडे, म्हणजे उत्तरेकडे तोंड करा आणि समोर आरसा ठेवा. तुमचा उजवा हात भुसावळकडे, डावा नंदुरबारकडे. आता भुसावळकडचा हात हलवा. आरशातला कोणता हात हलतो? भुसावळकडचाच. तुमचं डोकं आभाळाकडे, आरशातल्याचंही आभाळाकडेच. काय बदललं मग? तुमचं नाक सातपुड्याकडे आहे आणि आरशातल्याचं नाक अजिंठ्याच्या डोंगरांकडे.

आरसा डावं-उजवं बदलत नाही आणि वर-खालीही बदलत नाही. तो पुढचं-मागचं बदलतो. आपण मनातल्या मनात चालत जाऊन, वळून त्या माणसाच्या जागी उभे राहतो आणि मग त्याचा हलता हात डावा ठरवतो.

अक्षरं उलटी दिसतात ती आपण कागद आरशाकडे फिरवतो म्हणून. पारदर्शक प्लास्टिकवर नाव लिहा, अक्षरं तुम्हाला सरळ वाचता येतील असं धरा, आणि त्यातूनच आरशात पाहा. आरशातलंही नाव सरळ वाचता येईल.

सुतारकाम
माझा व्यवसाय फर्निचरचा, म्हणून एक कामाची गोष्ट. लोक अंगभर दिसण्यासाठी अंगाएवढा आरसा मागतात. गरज असते निम्म्या उंचीच्या आरशाची. माणूस १६० सेंटीमीटर, डोळे जमिनीपासून १५० वर. पाय दिसायला आरशाची खालची कड डोळ्यांच्या निम्म्या उंचीवर, म्हणजे ७५ वर हवी. डोक्याचा माथा दिसायला वरची कड डोळे आणि माथा यांच्या मध्यावर, म्हणजे १५५ वर. आरसा झाला ८० सेंटीमीटर. मागे सरकलं की जास्त दिसेल असं पुष्कळांना वाटतं. स्वतःचं अंग तेवढंच दिसतं, मागची खोली मात्र जास्त दिसू लागते.

घरात उंच-बुटके दोन्ही असतील तर खालची कड सगळ्यात बुटक्या माणसाच्या हिशेबाने ठेवा, वरची सगळ्यात उंच माणसाच्या. आरसा मात्र भिंतीला सपाट टेकलेला हवा, तिरपा टांगला की हा हिशेब चालत नाही.

केळीपट्टा, रावेर
सगळ्यांचे आभार. प्लास्टिकच्या पिशवीवर नाव लिहून झालं, मुलगी अजून आरशासमोरच आहे. आता अंतर्गोलचं सांगा ना सर.

शेवभाजी
मनापण एक सवाल शे सर. चमचाना आतला बाजुले तोंड उलटं दखास नी मांगला बाजुले सिधं. काबर?

गिरणाकाठ
दोघांचं उत्तर एकच आहे. लांबलचक लिहितो, कारण खरी गंमत इथेच आहे.

चमच्याचा आतला खोलगट भाग हा अंतर्गोल आरसा, बाहेरचा फुगीर भाग बहिर्गोल. असा आरसा एखाद्या मोठ्या पोकळ गोळ्याचा तुकडा असतो. त्या गोळ्याचं केंद्र ते वक्रता केंद्र, आणि आरसा व केंद्र यांच्या बरोबर मध्यावर मुख्य नाभी. मुख्य अक्षाला, म्हणजे केंद्रातून आरशाच्या मध्यावर येणाऱ्या रेषेला, समांतर आलेले किरण अंतर्गोलावरून परतताना नाभीत एकत्र येतात. नियम इथेही तोच आहे, येतानाचा आणि जातानाचा कोन सारखा. फक्त स्तंभिका प्रत्येक ठिकाणी वेगळ्या दिशेला असते, कारण ती नेहमी केंद्राकडे जाते.

ताई, आता दाढीचा आरसा (तोही अंतर्गोलच) घ्या आणि मुलीला त्यात पाहत हळूहळू मागे सरकायला सांगा. तक्त्याच्या सहा ओळी तिला चालत-चालत भेटतील.

अगदी जवळ असताना चेहरा सुलट आणि मोठा. मुलगी नाभीच्या आत, म्हणजे आरसा आणि नाभी यांच्या मध्ये आहे. परतणारे किरण पसरतच आहेत, फक्त आधीपेक्षा कमी. मागे वाढवले तर आरशाच्या मागे, दूरवर मिळतात. म्हणून प्रतिमा आभासी आणि मोठी.

मागे सरकताना चेहरा मोठा-मोठा होत जातो आणि एका जागी सगळा आरसा नुसत्या रंगाच्या पुसट डागाने भरून जातो. ही नाभी. तिथून निघालेले किरण समांतर परततात, जवळपास कुठेच मिळत नाहीत.

त्यापुढचा टप्पा पुस्तकातल्या आकृतीत कळतच नाही. मुलगी नाभी आणि केंद्र यांच्या मध्ये असते तेव्हा तक्ता म्हणतो, "प्रतिमा केंद्राच्या पलीकडे, उलट आणि मोठी." पण तिला आरशात काहीच धड दिसणार नाही. कारण ती प्रतिमा तिच्या डोक्याच्या मागे तयार होत असते! किरण एकत्र येण्याच्या वाटेवर असतानाच तिचा डोळा मध्ये आडवा येतो. पसरत येणारे किरण डोळा एकत्र आणू शकतो, आधीच एकत्र येत असलेल्यांचं स्पष्ट चित्र त्याला करता येत नाही.

अजून मागे, केंद्राच्या बरीच पलीकडे गेली की चेहरा उलटा आणि लहान दिसू लागतो. ही प्रतिमा आरशामागे नाही. ती आरसा आणि तिच्यामध्ये, हवेत आहे. किरण तिथे खरोखर येऊन भेटतात, एकमेकांना ओलांडतात आणि पुढे पसरत डोळ्यात जातात. म्हणून ती वास्तव प्रतिमा. वरून निघालेले किरण तिथे खाली येऊन मिळतात, खालून निघालेले वर. म्हणून उलटी.

शेवभाजी भाऊ, चमच्याचं नाभीय अंतर, म्हणजे आरशापासून नाभीपर्यंतचं अंतर, जेमतेम दोन-तीन सेंटीमीटर असतं. आपला चेहरा कायम केंद्राच्या पलीकडेच राहतो, म्हणून आतल्या बाजूला नेहमी उलटा. बोटाचं टोक चमच्याला जवळजवळ टेकवून पाहा, तेही सुलट आणि मोठं दिसेल.

वास्तव प्रतिमा कागदावर पकडता येते. दुपारी खोलीत अंधार करा, एक खिडकी उघडी ठेवा. दाढीचा आरसा खिडकीसमोरच्या भिंतीजवळ, खिडकीकडे तोंड करून धरा. समोर पांढरा कागद थोडा बाजूला धरून मागेपुढे करा. एका अंतरावर बाहेरचा निंब, आभाळ, तारेवरचे कपडे, सगळं रंगीत आणि उलटं कागदावर उतरेल. बाहेरची वस्तू पुरेशी दूर असेल तर कागद ते आरसा हे अंतर म्हणजेच नाभीय अंतर. सपाट आरशासमोर कागद कितीही नाचवा, काही उमटणार नाही.

आकड्यांत पाहायचं असेल तर, नाभीय अंतर २० सेंटीमीटर धरा. मेणबत्ती ६० वर ठेवली तर प्रतिमा ३० वर, निम्म्या आकाराची. मेणबत्ती ३० वर आणली तर प्रतिमा ६० वर, दुप्पट. जागांची अदलाबदल झाली, कारण किरणांना वाट दोन्ही दिशांनी सारखीच. मेणबत्ती १० वर आणली की प्रतिमा आरशामागे २० वर, सुलट आणि दुप्पट.

केळीपट्टा, रावेर
खिडकीचा प्रयोग झाला! कागदावर समोरची केळीची बाग उलटी लटकलेली दिसली आणि पानं हलत होती. सासूबाईही उठून पाहायला आल्या. मुलीने स्वतःच मोजपट्टी आणली. डोक्यामागच्या प्रतिमेवर तिचा विश्वास बसत नव्हता, मग मी तिच्या मागे कागद धरून शोधत राहिले. उजेड तिच्या बाजूने आत येऊ दिला तेव्हा काहीतरी पुसट दिसलं.

गिरणाकाठ
तिथे चेहऱ्याऐवजी मोबाइलचा टॉर्च वापरा ताई. चेहऱ्यावरून परतणारा उजेड फार कमी असतो. टॉर्चचा ठिपका मागच्या भिंतीवर स्वच्छ उमटेल.

लाल_परी
मी चालक आहे, कन्नड घाटातून बरंच येणं-जाणं होतं. आमच्या बाजूच्या आरशांबद्दल बोलतो. नवीन पोरं गाडी शिकताना बाजूच्या आरशात ट्रक लांब आहे असं समजून बाहेर काढतात आणि तोवर ट्रक शेजारी आलेला असतो. आरशात दिसतं त्यापेक्षा गाडी जवळ असते, हे आम्ही अनुभवाने शिकलो. पण असं का, हे कुणी सांगितलं नाही. पुस्तकात तर बहिर्गोल आरशातली प्रतिमा आरशाच्या अगदी जवळ असते असं लिहिलंय. मग जवळची प्रतिमा लांब कशी वाटते?

पांझराकाठ
दादा, हा प्रश्न शिक्षकांच्या परीक्षेत घालावा असा आहे. पुस्तक बरोबर आहे आणि तुमचा अनुभवही. हिशेब करून पाहू.

बहिर्गोल आरशावरून किरण जास्तच पसरून परततात. मागे वाढवले की आरसा आणि त्याच्यामागची नाभी यांच्या मध्येच मिळतात. वस्तू कुठेही असो, प्रतिमा आभासी, सुलट आणि लहान, आणि त्या एवढ्याशा जागेतच. समजा नाभीय अंतर १ मीटर आहे, मागच्या रस्त्यावरचा ट्रक आरशापासून १० मीटरवर आहे आणि तुमचा डोळा आरशापासून १ मीटरवर. ट्रकची प्रतिमा आरशामागे फक्त ९१ सेंटीमीटरवर. पण ती अकरापट लहान झालेली आहे!

सपाट आरसा असता तर ट्रक तुम्हाला ११ मीटरवरून पाहिल्याएवढा दिसला असता. या आरशात तो २१ मीटरवरून पाहिल्याएवढा दिसतो. मेंदू अंतर ठरवताना ट्रकचा आकार पाहतो, कारण ट्रक केवढा असतो हे त्याला माहीत आहे. प्रतिमा डोळ्यापासून दोन मीटरच्याही आत आहे, पण एवढा छोटा ट्रक म्हणजे तो लांबच असणार असा निकाल तो देतो. आकाराने निम्मा दिसला की अंतर दुप्पट वाटतं.

त्या बदल्यात मिळतं काय, तर रुंद देखावा. तेवढ्याच सपाट आरशात एक पट्टी दिसली असती, इथे मागचा सगळा रस्ता, कडेचा सायकलवाला, बैलगाडी, सगळं मावतं. गावातल्या आंधळ्या वळणावर गोल फुगीर आरसा लावतात तो याच कारणाने. पण त्या आरशात अंतराचा आणि वेगाचा अंदाज बांधू नये. कुणीतरी येतंय, एवढंच त्याला विचारावं. गाडीच्या आतला मधला आरसा बहुतेक सपाट असतो, तर अंतर त्यात पाहायचं आणि बाजूला कुणी आहे का ते बाहेरच्यात.

लाल_परी
हे शिकाऊ पोरांना सांगतो. ११ आणि २१ चे आकडे लक्षात राहतील.

वाघूर
सलूनमध्ये समोरासमोर दोन आरसे असतात त्यात आपण रांगेने दिसतो. ती रांग पुढे हिरवट आणि अंधारी का होते?

सुतारकाम
काचेमुळे. प्रत्येक फेरीत थोडा उजेड गिळला जातो. साध्या काचेत लोहाचा अंश असतो, तो हिरवा सोडून बाकीचे रंग जरा जास्त शोषतो. काचेची कड पाहा, हिरवीच दिसते. बऱ्याच फेऱ्यांनी तो रंग साठत जातो.

उन्हाळ_धुळे
आपल्याकडच्या उन्हाचा विषय आल्याशिवाय धागा पूर्ण कसा होईल! माझ्याकडे तबकडीची सौरचूल आहे. धुळ्यात हे काम नवीन नाही. इथलेच प्रा. अजय चांडक यांनी 'प्रिन्स' नावाच्या सौरचुली विकसित केल्या. शिर्डीच्या प्रसादालयावर तर २००९ मध्ये वाफ तयार करण्यासाठी १६ चौरस मीटरच्या ७३ शेफलर प्रकारच्या सौर तबकड्या बसवल्या.

माझी तबकडी १.४ मीटर व्यासाची आहे, म्हणजे तोंडाचं क्षेत्रफळ साधारण दीड चौरस मीटर. भर दुपारी चौरस मीटरला १००० वॅटच्या आसपास ऊन पडतं. परावर्तनात आणि भांड्यावरून निसटून बरंच जातं, तरी निम्म्याच्या आसपास हाती लागतं. वरण, भात, शेंगदाणे भाजणं आरामात होतं.

प्रश्न असा, की तबकडी गोळ्याच्या तुकड्याची का नसते? पॅराबोला म्हणजे अन्वस्तच का लागतो?

गिरणाकाठ
वर मी "समांतर किरण नाभीत एकत्र येतात" असं लिहिलं, ते गोलीय आरशाच्या मधल्या भागापुरतंच नेमकं खरं आहे. काठाजवळ आदळलेले किरण नाभीच्या अलीकडे, आरशाच्या जवळ अक्षाला छेदतात. आरसा मोठा आणि खोलगट होत जातो तशी ही फाकाफाक वाढते. स्टीलच्या पातेल्यात तिरपं ऊन पडलं की तळाशी दोन कमानी मिळून टोक झालेली उजळ रेघ दिसते ना, ती या विखुरलेल्या भेटींचीच रेघ आहे. अन्वस्ताचा वाक असा असतो की अक्षाला समांतर आलेला प्रत्येक किरण, मधला असो की काठाचा, एकाच बिंदूत जातो. गाडीच्या दिव्यामागचा साधा परावर्तक आणि घरावरची टीव्हीची छत्रीही याच वाकाची.

तबकडीतला तो तापलेला ठिपका म्हणजे सूर्याची वास्तव प्रतिमा आहे. सूर्य आपल्याला साधारण अर्ध्या अंशाएवढा दिसतो, त्यामुळे नाभीय अंतर १ मीटर असेल तर प्रतिमा सुमारे ९ मिलिमीटरची. चांगल्या आरशाची प्रतिमा खंडग्रास ग्रहणात चंद्रकोरीसारखी होते. चुलीची तबकडी तेवढी नेमकी नसते, ठिपका पसरतो, आणि भांड्याच्या बुडाला ते बरंच आहे.

काळजीचं सांगून ठेवतो. चूल वापरात नसेल तेव्हा तबकडीवर जाड कापड टाका किंवा तिचं तोंड जमिनीकडे फिरवा. कपाशीच्या काड्या, गवत, मंडपाचं कापड नाभीच्या जागी आलं तर पेटायला वेळ लागत नाही. मुलांना त्या ठिपक्यात हात घालू देऊ नका, आणि तबकडीत डोकावून सूर्याची प्रतिमा थेट तर कुणीच पाहू नये.

गौताळ्याच्या_कुशीत
चाळीसगावचा आहे, म्हणून पाटणादेवीची आठवण काढतो. भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी तिथे आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ स्थापन केला, त्याचा १२०७ चा शिलालेख पाटणला आहे. भास्कराचार्यांच्या ११५० च्या 'सिद्धांतशिरोमणी'त यंत्रांचा अध्याय आहे. त्यातलं धीयंत्र म्हणजे हातातली एक काठी. ती धरून बांबूच्या शेंड्याकडे, आणि पाण्यात दिसणाऱ्या त्याच्या प्रतिबिंबाकडेही, पाहून उंची आणि अंतर काढण्याची रीत तिथे आहे. त्याच्याही आधी, ६२८ मध्ये, ब्रह्मगुप्ताने पाण्यातल्या प्रतिबिंबावरून घराची उंची काढण्याचं गणित दिलं. सपाट आरशाचा समान कोनांचा नियम मुलांना शिकवायला याहून जवळचं उदाहरण आपल्याला कुठलं मिळणार?

केळीपट्टा, रावेर
हे कसं करायचं? आमच्या गल्लीच्या टोकाला पाण्याची टाकी आहे, तिची उंची काढता येईल का?

गौताळ्याच्या_कुशीत
नक्की येईल ताई. टाकीसमोरच्या सपाट जमिनीवर परातभर पाणी ठेवा. आरशापेक्षा पाणी चांगलं, ते आपोआप समपातळीत राहतं. वारा पडलेला असताना, सकाळी करा. मुलीला परातीच्या अलीकडे उभं करा आणि टाकीचा माथा पाण्याच्या मध्यावर दिसेपर्यंत मागे-पुढे सरकू द्या. मग तीन मापं घ्या: डोळ्यांची जमिनीपासून उंची, पाय ते परातीचा मध्य, आणि परातीचा मध्य ते टाकीचा पाया.

पाण्यावर येतानाचा आणि जातानाचा कोन सारखा, म्हणून दोन्हीकडचे त्रिकोण समरूप. डोळ्याची उंची भागिले पायापासूनचं अंतर, गुणिले टाकीपर्यंतचं अंतर. डोळे १.५ मीटरवर, ती परातीपासून २ मीटरवर आणि परात टाकीपासून २० मीटरवर असेल तर टाकी १५ मीटर उंच. पाण्याची पातळी जमिनीपासून चार बोटं वर असेल तर डोळ्याची उंची तेवढी कमी धरा आणि शेवटी आलेल्या उत्तरात तेवढी मिळवा.

केळीपट्टा, रावेर
रविवारी सकाळी करतो. मापं इथेच टाकते.